बाबासाहेबांच्या वाचनाची घडण



परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्याला नव्याने सांगावे असे फारसे काही उरलेले नाही. महूचा जन्म, महाडचे चवदार तळे, काळाराम, गोलमेज, संविधान, नागपूरची दीक्षा, हे सगळे आपल्या घरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ असते. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरायचे ठरवले. बाबासाहेब वाचायला लागले कसे, ते वाचन मोडता मोडता टिकले कसे, आणि त्यासाठी कोणी कोणी काय काय केले, एवढेच येथे सांगायचे आहे.

हे सांगण्याचे कारण आहे. १४ एप्रिलच्या सुमारास गावोगावी सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होतो. तरुण मुले-मुली वह्या-पुस्तके घेऊन हॉलमध्ये, विहारात बसतात. उपक्रम चांगला आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण पंधरा तारखेला काय? पुष्कळ ठिकाणी पुस्तक पुढच्या जयंतीपर्यंत मिटलेले असते. आपण पोराला आधी शिखर दाखवतो. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, असे म्हटले की पोरगं मनात हिशेब करतं, आपल्याच्याने अर्धा तास होत नाही, म्हणजे हे आपलं काम नाही. आणि आई-बापही म्हणून मोकळे होतात, अहो, बाबासाहेबांची गोष्टच वेगळी होती. त्यांची गोष्ट वेगळी होती हे खरेच आहे. पण ती पहिल्या दिवसापासून वेगळी नव्हती, आणि हेच नेमके आपण पोरांना सांगत नाही.

१८९१ साली महूला जन्मलेला भीवा हे सुभेदार रामजी सकपाळांचे शेवटचे अपत्य. आई भीमाबाई तो लहान असतानाच गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळले. रामजीबाबा लष्करी शाळेत शिक्षक होते, पुढे तिथेच मुख्याध्यापक झाले. कबीरपंथी माणूस, व्यसन नाही, घरात रोज संध्याकाळी भजन आणि ग्रंथवाचन. मुलांनी तिथे बसलेच पाहिजे असा नियम. पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीवाचे नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तिच्या रजिस्टरात ते नाव १९१४ या क्रमांकावर आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचे, पाणी वरून कोणी ओतले तरच प्यायचे, हे आपण सारे जाणतो.

पण हे कमी जण जाणतात की साताऱ्यातला भीवा अभ्यासू मुलगा नव्हता. खेळात, हुंदडण्यात मन. वडिलांनी दुसरे लग्न केले त्याचा राग डोक्यात. एकदा त्याने ठरवले की वडिलांच्या पैशावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे. भाड्याला पैसे नाहीत. आत्याच्या कमरेला बटवा असायचा. रात्री तिच्याशेजारी झोपून तो बटवा काढायचा प्रयत्न त्याने एकदा नाही, तीन रात्री केला. चौथ्या रात्री बटवा हाती आला, उघडून बघतो तर आत फक्त अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुंबई गाठता येईना. त्या चार रात्रींनीच त्याला विचार करायला लावले. पळून जाण्याचा बेत सोडून, अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहायचे असे त्याने मनाशी ठरवले. ही हकिगत बाबासाहेबांनी मोठेपणी स्वतःच सांगितली आहे. आपल्या पोरांना ती जरूर सांगावी. बटव्यात चार रुपये निघाले असते तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत, लोअर परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तिच्यात चूल, भांडीकुंडी, सरपण, धूर, जाते, शेळी आणि सारे कुटुंब. भीवाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलेले. एवढ्या गर्दीत पोराने अभ्यास करायचा कुठे? रामजीबाबांनी जी तोड काढली ती मला त्यांच्या सगळ्या लष्करी चाकरीपेक्षा मोठी वाटते. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतला. शाळेतून आल्यावर पोराने लवकर झोपायचे. बाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता पोराला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. डोक्याशी जाते, पायाशी शेळी, आणि बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात पोरगा पहाटेपर्यंत वाचत बसायचा. चाळीत त्या वेळी सामसूम. तीन-चार तास पूर्ण त्याचे.

यात अभ्यासाचे तास किती, याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते तास रोज ठरलेले होते आणि ते राखायला एक म्हातारा माणूस आपली झोप मोडत होता. दोन वाजता उठायला गजर नव्हता, बाप होता. आपल्याकडे पोराला अभ्यासाला बस असे सांगून आपण टीव्ही लावतो, नाहीतर मोबाईल बघत बसतो. पोरगं बसतं, पण कान इकडे असतात. मग त्याचं लक्ष नाही म्हणून आपणच ओरडतो.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. रामजीबाबांनी मुलांचे इंग्रजी पक्के करण्यासाठी हॉवर्डची वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतली. शब्द नेमका कसा वापरायचा हे भीवा तिथे शिकला. पण पोराला शाळेबाहेरच्या पुस्तकांची गोडी लागली. बाबांना हे काही फारसे पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे, आधी शाळेचे पुरे कर. तरीही पोराने पुस्तक मागितले आणि बाबांनी नाही म्हटले असे झाले नाही. खिशात पैसे नसत. मग बाबा धाकट्या लेकीच्या घरी जायचे, दोन-चार रुपये उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. ती बिचारी अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो सावकाराकडे गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत लेकीच्या हाती जायचा. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तीच फेरी. मंजुळा आणि तुळसा या बाबासाहेबांच्या बहिणी. त्यांची नावे आपण जयंतीच्या भाषणात घेत नाही, पण बाबासाहेबांचे पहिले ग्रंथालय त्यांच्या दागिन्यांवर उभे राहिले, हे लक्षात घ्या.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आवडीचे वाचन आणि परीक्षेचे वाचन यांचे भांडण आपल्या घरी रोज होते. रामजीबाबांच्या घरीही ते होते. पण बापाने नापसंती दाखवूनही दार बंद केले नाही, आणि त्या उघड्या दारातूनच पुढचे बाबासाहेब आले.

घरात पहाटेची सोय झाली, तरी दिवसा बसायला जागा नव्हतीच. शाळा सुटली की भीवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन एका बाकावर वाचत बसे. त्याच बागेत संध्याकाळी एक गृहस्थ येत. त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कुलातले शिक्षक, सत्यशोधकी विचारांचे, आणि स्वतः चरित्रकार. संत तुकाराम, शिवाजी महाराज, गौतम बुद्ध यांची चरित्रे त्यांनी लिहिली. एक शाळकरी मुलगा रोज त्याच बागेत, इतर पोरे खेळत असताना, पुस्तकात डोके घालून बसलेला दिसतो, हे त्यांनी पाहिले. जवळ जाऊन नाव-गाव विचारले. काय वाचतोस विचारले. मुलगा कोणत्या समाजाचा हे कळल्यावर मागे सरले नाहीत, उलट त्याला पुस्तके देऊ लागले.

केळुसकर गुरुजींनी काय केले ते नीट बघा. शिकवणी घेतली नाही, व्याख्यान दिले नाही. रोज भेटले, विचारपूस केली आणि हातात पुढचे पुस्तक ठेवले. वाचणाऱ्या पोराला दोन गोष्टींची भूक असते. एक पुढच्या पुस्तकाची, आणि दुसरी, आपण वाचले ते कोणीतरी विचारावे याची. घरचे लोक अडाणी असले तरी दुसरी भूक भागवू शकतात. आज काय वाचलंस, मला सांग, एवढे म्हणायला शिक्षण लागत नाही. पोराने आईला समजेल असे सांगायचे ठरवले की त्याला ते स्वतःला आधी समजून घ्यावे लागते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा मी मुद्दाम देतो आहे, कारण निकालाच्या दिवशी आपल्या वस्तीत टक्क्यांवरून पोरांची जी बेअब्रू होते ती मी पाहत आलो आहे. संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती, पण जातीमुळे शाळेने तो विषय घेऊ दिला नाही, नाइलाजाने फारसी घेतली. संस्कृत पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. तर त्या गुणांनिशी पास झालेल्या या मुलाचा सत्कार भरला. अध्यक्ष होते सी. के. बोले, ज्यांच्या ठरावाने पुढे १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय मुंबई कायदे कौन्सिलात झाला. त्या सभेत केळुसकरांनी भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले एक पुस्तक. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले ते सांगायला नको. ज्या विहाराची ही स्मरणिका आहे तो विहारही त्या पुस्तकापासून फार लांब नाही. विशेष म्हणजे बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी स्वतःच या भेटीचा उल्लेख करून ठेवला आहे.

कॉलेजात पैसे संपले तेव्हाही धावले केळुसकरच. ते भीमरावांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तके आणि कपडे देत. बी.ए. झाले, बडोद्याला नोकरीला गेले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा वारले. दोन वाजता उठवणारा गेला. आता उठायचे ते स्वतःच.

त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वय बावीस. आणि येथे पुन्हा एक गोष्ट जी आपण सांगत नाही. पहिले काही महिने मौजेत गेले. नवा देश, मोकळी हवा, शिवाशीव नाही, बरोबरीने वागवणारे मित्र. जन्मात पहिल्यांदा असे मिळालेल्या तरुणाचे मन अभ्यासावरून उडाले तर नवल नाही. मग एका रात्री मनाने खाल्ले. घरी रमाई हालात दिवस काढताहेत, भाऊ राबतोय, शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची, आणि आपण काय करतो आहोत? त्यानंतर त्यांनी जी मांड ठोकली ती ठोकली. अठरा तासांची गोष्ट सुरू होते ती इथून. म्हणजे डबक चाळीत लागलेली सवयसुद्धा एकदा सुटली होती. सवय सुटली म्हणजे सगळे संपले असे नसते, ती परत धरता येते, हे दहावी नापास होऊन घरी बसलेल्या एखाद्या पोराला सांगून बघा.

तीन वर्षांत त्यांनी किती विषय पालथे घातले त्याची मोजदाद झालेली आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन यांचे एकेक. त्यांनी प्राध्यापक सेलिग्मनना विचारले होते, संशोधनाची पद्धत कोणती धरावी? सरांनी पद्धत सांगितलीच नाही. मनापासून काम करत राहा, करता करता तुझी पद्धत तुला सापडेल, अशा अर्थाचे उत्तर दिले. वेळापत्रकाचे रंगीत तक्ते भिंतीवर लावून दुसऱ्या दिवशी विसरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे उपयोगी पडावे. तक्ता चूक नाही. पण आधी पंधरा दिवस बसून बघावे, कोणत्या वेळी मन लागते ते कळू द्यावे, मग तक्ता काढावा.

पोटाला चिमटा काढून त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती एका परिचितावर सोपवली आणि त्यांतली थोडीच पुढे हाती लागली. लंडनहून परततानाही असेच. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, पहिल्या महायुद्धाचे दिवस, बोट पाणतीराने बुडाली. पुस्तकप्रेमी माणसाला यापेक्षा मोठा घाव नाही. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यांवर बडोद्याला जाण्याची सोय झाली.

आता नियोजनाची गोष्ट सांगतो, कारण बाबासाहेबांच्या वाचनामागे केवळ आवड नव्हती, हिशेब होता. कोलंबियाचे काम उरकून १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. वर्ष होत नाही तोच बडोद्याने शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे कळवले. सगळा बेत अर्ध्यावर मोडला. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून आला असता. बाबासाहेबांनी निघण्याआधी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. म्हणजे मोडलेल्या बेताला त्यांनी तारीख बांधून ठेवली. ती तारीख होती ऑक्टोबर १९२१.

मग बडोद्यातला तो अपमान, पारशी वसतिगृहातून हाकलले जाणे, झाडाखाली बसून ढाळलेले अश्रू, हे सारे १९१७ मध्ये घडले. ते येथे पुन्हा सांगत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार ४५० रुपये, त्या काळात थोर रक्कम. पण राहणे परळच्या पोयबावडीला, बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत. रमाईंच्या हाती घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीची लंडनसाठी बाजूला टाकायची. रमाईंनी ते सोसले. पुढे साहेब परदेशी असताना शेणी गोळा करून दिवस काढले. त्यांची चार लेकरे दगावली. अभ्यासाची किंमत नेहमी अभ्यास करणाराच भरतो असे नाही, हे लिहिताना हात थांबतो.

जमवलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये बाबासाहेब परत लंडनला निघाले. मुदतीला अजून सव्वा वर्ष बाकी होते. बांधलेली तारीख त्यांनी चुकवली नाही.

लंडनचे दिवस खडतर. खाणावळीची मालकीण कंजूष. सकाळी पावाचा तुकडा, जराशी मासळी, कपभर बोव्हरिल. दुपारच्या जेवणाला फाटा. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत शिरणाऱ्यांत पहिले आणि बंद होताना बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे. तिथून इंडिया ऑफिसची लायब्ररी, मग खोली, आणि खोलीवर पुन्हा पुस्तक. रात्री दहाला भूक असह्य झाली की कोणी दिलेले चार पापड पत्र्यावर भाजून दुधाबरोबर खायचे आणि पहाटेपर्यंत वाचत राहायचे. ते ज्या किंग हेन्री रोडच्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये राहिले ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले आहे. आपल्यापैकी कोणाचे लेक-जावई तिकडे असतील त्यांनी जाऊन पाहावे. मात्र पोरांनी उपाशी राहावे म्हणून मी हे लिहीत नाही. उपास ही त्यांची पद्धत नव्हती, ती त्यांची लाचारी होती. पुढे त्या उपासमारीने प्रकृती पोखरली. ती लाचारी पुढच्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून तर त्यांनी वसतिगृहे काढली.

एम.एस्सी. मुदतीआधी, जून १९२१ मध्येच झाली. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तर इंग्रज सरकारच्या धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली आणि प्रबंध सुधारून द्या म्हणून परत आला. हातचे पैसे संपलेले. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले, त्याच चाळीत बसून प्रबंध पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला आणि तो मान्य झाला. डॉक्टर ऑफ सायन्स झालेल्या माणसालाही एकदा लिहिलेले परत लिहावे लागले.

यापुढचे बाबासाहेब लढ्याचे. पण लढ्याची पहिली पायरी त्यांनी कशी घातली ते पाहा. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासवर्ग हे अगोदर आहेत. १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिक सुरू करून दिले. चवदार तळ्याच्या आधीची ही गोष्ट आहे. चर्नी रोडच्या बाकावर बसलेल्या पोराला आपल्यासारख्या दुसऱ्या पोराला काय हवे असते ते अचूक ठाऊक होते. बसायला जागा, हाताशी पुस्तक, आणि वाचलेले मांडायला चार ओळींची मोकळीक.

बॅरिस्टरी सुरू झाली, बरे दिवस आले, तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. नाव दिले राजगृह. लोक राहण्यासाठी घर बांधतात आणि कोपऱ्यात पुस्तके ठेवतात. बाबासाहेबांनी वरचा भाग पुस्तकांसाठी ठेवला. वाचताना पेन्सिलीने खुणा करायच्या, समासात टिपायचे, ही त्यांची रीत. पुस्तक बाहेर देण्याच्या बाबतीत मात्र भारी चिकट! इथे बसून खुशाल वाचा, पण घरी नेऊ नका, असा खाक्या. दोन हजार पुस्तके एकदा गमावलेल्या माणसाचा हा चिकटपणा आपण समजून घेतला पाहिजे. आणि तोच माणूस शेवटी आपला संग्रह विद्यार्थ्यांसाठी सिद्धार्थ कॉलेजला देऊन गेला.

जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, जून १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे कॉलेज, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, ज्यायोगे पोराला दिवसा नोकरी करता यावी. रामजीबाबांनी एका मुलासाठी जे केले तेच झाले हे. परिस्थिती बदलता येत नसेल तर निदान वेळ वाटून द्या. आपल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींना माझे एवढेच मागणे आहे की परीक्षेच्या महिन्यात गर्दी आणि जूनमध्ये कुलूप असे होऊ देऊ नका. दहा पोरे आली तरी चालतील, पण दार रोज त्याच वेळी उघडले पाहिजे. आणि कोणीतरी वडीलधारे तिथे बसलेले असावे, स्वतः काही वाचत.

उतारवयात डोळे अधू झाले, मधुमेहाने पाय दुखत, बसणे कठीण. तरी पाली शिकणे चालूच. नुसते शिकले नाहीत, पाली शब्दांचा कोश आणि व्याकरण तयार करत बसले. ते काम त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. कायदेमंत्री होऊन गेलेला, साठीला टेकलेला माणूस शाळकरी मुलासारखा शब्दांचे अर्थ लिहून काढतो आहे, हे चित्र मला संविधानाच्या प्रतीइतकेच मोलाचे वाटते. तर्खडकरांच्या पाठमालेपासून निघालेला तो माणूस तिथे पोहोचला होता.

त्याच वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन चालले होते. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरी कपाटांतून पुस्तके निघत, टेबलावर रचली जात, पाने लिहून होत, टंकलेखनाला जात, पुन्हा तपासली जात. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही हेच झाले. प्रकृती ठीक नव्हती. जेवण थोडेसे झाले. नेहमीप्रमाणे कपाटातून काही पुस्तके काढून घेतली. मग सचिव नानकचंद रत्तू यांना त्यांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय यांची टंकलिखित पाने आणून उशाजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितली. रात्री ती पाहायची होती. रत्तूंनी पाने ठेवली आणि ते घरी गेले.

६ डिसेंबरच्या सकाळी बाबासाहेब उठले नाहीत. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे छापून निघाला.